घसरगुंडीपुढची रांग: मुलं पळतील असं मैदान कसं आखायचं

एका घसरगुंडीचा हिशेब मांडू. शिडी चढायची, वर बसायचं, घसरायचं आणि वळसा घालून पुन्हा रांगेत यायचं. ही फेरी साधारण पंधरा सेकंदांची. वरचं मूल सुटल्याशिवाय पुढचं बसत नाही, म्हणजे दर आठेक सेकंदांना एक मूल खाली येतं. दहा मुलं असली की प्रत्येकाचा नंबर ऐंशी सेकंदांनी लागतो. त्यातली पंधरा सेकंदं अंग हलतं आणि पासष्ट सेकंदं मूल उभं असतं. अर्धा तास ‘खेळून’ घरी आलेल्या मुलाची खरी हालचाल जेमतेम पाच-सहा मिनिटांची होते.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल सांगते. शिवाय आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू आणि हाडं बळकट होतील असे प्रकार हवेत. म्हणजे उड्या, लटकणं, चढणं. ३-४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात मिळून १८० मिनिटं, त्यातली ६० तरी दम लागेल अशी. दम लागतोय पण बोलता येतंय ती मध्यम हालचाल. दोन शब्दांनंतर श्वासासाठी थांबावं लागतंय ती जोरकस. शाळा, क्लास आणि मोबाइल यांतून उरलेल्या तासाभरात हे साधायचं असेल, तर जागेनं मदत करायला हवी.

म्हणून आखणीची सुरुवात खेळण्यांच्या कॅटलॉगपासून करू नये. आधी एकच विचारायचं: इथं एका वेळी किती मुलं हलती राहतील? पुढचे सगळे निर्णय याच प्रश्नावर घासून पाहता येतात.

चार गुंठ्यांत काय काय बसतं

उदाहरणासाठी एक ओळखीचा तुकडा घेऊ. मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक भागांत लागू असलेल्या २०२०च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ०.४ हेक्टरचे १० टक्के म्हणजे ४०० चौरस मीटर, चारेक गुंठे. वीस बाय वीस मीटरचा चौकोन समजा. लहान गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणाचा वापरातला भागही बऱ्याचदा एवढाच असतो. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला खेळाचं मैदान असावं असं म्हटलंय. ते कसं असावं, हे ठरवायचं काम मात्र शाळेकडेच राहतं.

अशा जागेत सहसा काय दिसतं? मधोमध फायबरचा रंगीत ‘मल्टी-प्ले’, बाजूला दोन झोके, एक सी-सॉ, एक गोल चक्र, उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉक आणि कडेला बाक. हल्ली त्यात ओपन जिमची भर पडते. ती यंत्रं मोठ्यांच्या मापाची असतात. लहान मुलांचे पाय पेडलला पोचत नाहीत, सांध्यांत बोटं सापडतात, आणि सकाळी चालायला येणारे काका गेले की ती तशीच पडून असतात. मुलांच्या जागेत त्यांना थारा देऊ नये.

झोका किती जागा खातो ते पाहू. अमेरिकी सुरक्षा मार्गदर्शकानुसार झोक्याच्या पुढे आणि मागे आडव्या दांडीच्या उंचीच्या दुप्पट जागा रिकामी हवी. दांडी २.१ मीटरवर असेल तर पुढे ४.२ आणि मागे ४.२, म्हणजे ८.४ मीटर लांबी. दोन्ही बाजूंना १.८ मीटर सोडून दोन झोक्यांची रुंदी सहा मीटरच्या आसपास जाते. म्हणजे दोन मुलांसाठी ५० चौरस मीटर, आपल्या जागेचा आठवा हिस्सा! ही जागा सोडली नाही, तर पळत आलेलं लहान मूल झोक्याच्या पाटाला धडकतं. झोका वाईट मुळीच नाही. तोल आणि लय त्यावरच कळतात, आणि लाजरं मूल तिथंच आधी रमतं. पण चार गुंठ्यांत दोनच झोके पुरेत, तेही कोपऱ्यात, जाण्यायेण्याच्या वाटेबाहेर. एका चौकटीत दोनापेक्षा जास्त पाट नकोत, कारण मधल्या पाटावर जायला बाजूच्या झोक्यापुढूनच जावं लागतं.

पळायला वाट हवी, आणि ती बंद नको

मुलं आपणहून सर्वांत जास्त काय करतात? पळतात, पकडतात, निसटतात. त्यासाठी लागतो वेढा. जागेच्या कडेकडेनं दीड मीटर रुंदीची, कोपरे गोलाकार केलेली वाट आखली, तर वीस बाय वीसच्या जागेत ६० मीटरच्या आसपास फेरी मिळते. सायकल, स्केटिंग, शर्यत, आगगाडी, सगळं यावर होतं. ती मुरमाची असली तरी चालते. व्हीलचेअरसाठी मात्र निदान एका बाजूचा पट्टा टणक आणि सपाट हवा, आणि चढ कुठंही १२ला १पेक्षा (बारा मीटर लांबीला एक मीटर उंची) तीव्र नको.

या वेढ्याला आतून दोन-तीन आडवाटा जोडाव्यात. एक टेकाडावरून, एक ठोकळ्यांवरून, एक झाडांमधून. पकडापकडीत मुलाला पुढे दोन पर्याय दिसले की ते थांबत नाही. उपकरणांनाही हाच नियम लावावा. एकच शिडी आणि एकच घसरगुंडी असलेला मनोरा म्हणजे बंद गल्ली. वर चार मुलं अडकतात आणि खाली रांग लागते. त्याच मनोऱ्याला एका बाजूनं जाळी, दुसऱ्या बाजूनं उतार आणि तिसऱ्या बाजूनं खांब दिला, तर तेवढ्याच जागेत तिप्पट मुलं हलती राहतात.

मध्ये किमान दहा बाय दहा मीटर जागा पूर्ण रिकामी ठेवायची. सोसायटीच्या बैठकीत तिच्यावर सर्वांचा डोळा असतो: इथं कारंजं करू, पुतळा बसवू, आणखी एक खेळणं घेऊ. ती सोडू नये.

टेकाड

स्वस्तात सर्वांत जास्त हालचाल देणारी गोष्ट म्हणजे मातीचा उंचवटा. चढायचं, लोळायचं, वरून पळत सुटायचं, आणि यात नंबर लावायची भानगड नाही. उंची १.१ मीटर आणि उतार ३ला १ धरला, तर पायथ्याचा व्यास सात मीटर होतो. भरावाला साधारण १४ घनमीटर म्हणजे पाच ब्रास माती लागते, आणि इमारतीचं काम चालू असेल तर ती पायाच्या खोदाईतून फुकट मिळते. गाभा मुरमाचा करावा आणि दर वीस सेंटिमीटरच्या थराला पाणी मारून धुम्मसानं ठोकावा. वरून दहा-पंधरा सेंटिमीटर चांगली माती आणि त्यावर हरळी.

चूक होते ती वेळेची. मेच्या शेवटी टेकाड रचलं आणि गवत न धरताच पाऊस सुरू झाला, की जूनच्या दोन सरींत त्यावर घळी पडतात आणि निम्मी माती गटारात जाते. हरळी निदान दीड महिना आधी पाणी घालून धरवावी. ते जमलं नसेल, तर उतारावर गोणपाट खुंट्यांनी ताणून बसवावं. गवत त्यातून वर येतं. उतार ३ला १पेक्षा तीव्र केला तर गवत मुलांच्या पायांखाली टिकत नाही.

घसरगुंडी या टेकाडाच्या अंगावरच टाकावी, एक ते सव्वा मीटर रुंदीची. दोन-तीन मुलं एकदम घसरतात, बाजूनं पडलं तरी गवत वीतभर खालीच असतं, आणि वर जायला सगळी टेकडी मोकळी असल्यानं शिडीपुढची रांगच उरत नाही. नाळीचा सरासरी उतार ४० अंशांच्या आत असावा.

दांडे, ठोकळे आणि डोंगर-पाणी

ॲमस्टरडॅममध्ये १९४७ साली आल्डो फान आयक या वास्तुविशारदानं बर्टेलमनप्लाइन नावाच्या लहानशा चौकात मुलांसाठी जागा आखली आणि पुढच्या तीसेक वर्षांत त्या शहरात अशा सातशेहून जास्त जागा केल्या. साहित्य अगदी मोजकं: काँक्रीटच्या काठाचा वाळूचा हौद, उड्या मारायला दगडी ठोकळे, कोलांट्यांसाठी लोखंडी दांडे, चढायला कमानी. कुठल्याच वस्तूवर हत्ती, किल्ला किंवा रॉकेट रंगवलेलं नसे. मुलं तिथं रोज वेगळं काहीतरी खेळत. कार्टूनच्या आकाराचं खेळणं आठवड्यात शिळं होतं, नुसता दांडा होत नाही, असं आमचंही मत आहे.

आपल्याकडे ठोकळ्यांना तयार खेळ आहे: डोंगर-पाणी. उंच जागा म्हणजे डोंगर आणि जमीन म्हणजे पाणी. सपाट पेव्हरवर तो खेळताच येत नाही, म्हणून मुलं पार्किंगच्या कठड्यांवर आणि जिन्याच्या पायऱ्यांवर जातात. १५ ते ४५ सेंटिमीटर उंचीचे दहा-बारा ठोकळे, एकमेकांपासून ३० ते ५० सेंटिमीटर अंतरावर, पण सरळ ओळीत न लावता विखरून मांडले की झालं. कोकणात जांभ्याचे चिरे वापरता येतात, घाटावर काळ्या दगडाचे. कडा छिन्नीनं मारून गोल करून घ्याव्यात. लाकडी ओंडके जमिनीत पुरले तर वाळवी लागते आणि दोन पावसाळ्यांत ते डुगडुगू लागतात.

कोलांटीचे दांडे तीन उंचींचे असावेत: ७५, १०० आणि १२५ सेंटिमीटर. लटकून पुढे सरकायचे दांडे, ज्यांना मंकी बार म्हणतात, ते मोठ्या मुलांसाठी दोन मीटरवर आणि आडव्या दांड्यांतलं अंतर ३० ते ३८ सेंटिमीटर. चार वर्षांखालच्यांना ते देऊ नयेत. हातांची पकड सुटली की मूल तळहात टेकून पडतं आणि मनगटाचं किंवा कोपराचं हाड मोडतं. मैदानावरच्या अस्थिभंगांत या प्रकाराचा वाटा मोठा आहे.

पकडीसाठी एक इंची जीआय पाइप घ्यावा. त्याचा बाहेरचा व्यास साधारण ३४ मिलिमीटर असतो आणि सहा वर्षांच्या मुलाची बोटं त्याभोवती पूर्ण वळतात. फॅब्रिकेटर ‘मजबुतीसाठी’ दोन इंची लावू पाहतो; त्याला नको म्हणायचं, कारण तो पाइप मुलाच्या मुठीत मावतच नाही. मजबुती जाडीतून आणावी: निळ्या पट्ट्याऐवजी लाल पट्ट्याचा जड पाइप, आणि दोन खांबांत सव्वा मीटरपेक्षा जास्त अंतर नको. खांब काँक्रीटमध्ये रोवले की काँक्रीटचा माथा खेळाच्या पातळीच्या ४० सेंटिमीटर खाली राहिला पाहिजे. नाहीतर वाळू सरकते, माथा उघडा पडतो आणि मूल नेमकं त्याच्यावर आपटतं. काळ्या मातीत खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यावा. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि उथळ रोवलेला खांब वर्षाभरात कलतो.

खाली काय आहे

दोन मीटरवरून पडणारं मूल जमिनीला टेकतं तेव्हा त्याचा वेग ताशी साडेबावीस किलोमीटर असतो. वेग तोच राहतो. तो किती अंतरात संपतो यावर इजा ठरते. काँक्रीट किंवा पेव्हरवर डोकं मिलिमीटरभरात थांबतं, सैल वाळूत काही सेंटिमीटर आत जाऊन थांबतं. प्रयोगशाळेत यंत्राच्या डोक्यावर हा धक्का मोजतात आणि त्याचा आकडा १०००च्या आत ठेवणारी उंची हीच त्या पृष्ठभागाची मर्यादा मानतात. युरोपीय मानकात कुठल्याही उपकरणावरून पडण्याची उंची तीन मीटरपलीकडे नेता येत नाही.

व्यवहारात वाळू सर्वांत परवडते. दोन मीटर उंचीपर्यंत २० सेंटिमीटर आणि तीन मीटरपर्यंत ३० सेंटिमीटर खोली हवी, वर उधळणीसाठी आणखी १०. दांड्यांखालचा सहा बाय चार मीटरचा हौद ४० सेंटिमीटर भरायला ९.६ घनमीटर, म्हणजे साडेतीन ब्रासच्या आसपास वाळू लागते. कण ०.२ ते २ मिलिमीटरचे, गोलसर आणि धुतलेले असावेत. इथंच फसगत होते: नदीची वाळू महाग किंवा दुर्मीळ म्हणून क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू टाकतात. तिचे कण टोकदार असतात आणि भुकटी जास्त, त्यामुळे एका पावसात ती फरशीसारखी घट्ट बसते. वाळू कसली आहे ते पाहायची सोपी युक्ती म्हणजे ओली करून मुठीत दाबायची. वाळल्यावर ढेकूळ तसंच राहिलं तर ती वाळू खेळाच्या हौदात नको.

हौदाच्या तळाला दहा सेंटिमीटर खडी, तिच्यावर पाणी झिरपू देणारं जिओटेक्स्टाइल कापड आणि पाणी बाहेर नेणारा भोकांचा पाइप हवा. हे टाळलं की जुलैत हौदाचं डबकं होतं. खांबावर पातळीची लाल रेघ रंगवून ठेवावी. वाळू रेघेखाली गेली की भरायची, हे माळीकाकांनाही चटकन कळतं. पंधरा दिवसांनी दाताळ्यानं वाळू हलवायची. रात्री मांजरं येत असतील तर वर जाळी ओढायची.

रबराच्या टाइल्स देखण्या दिसतात. विकणाऱ्याकडे ‘किती मिलिमीटर’ एवढंच विचारू नका. ‘किती उंचीच्या पडण्यासाठी चाचणी झाली आहे’ त्याचं प्रमाणपत्र मागा. काँक्रीटवर डकवलेली पातळ टाइल दोन मीटरच्या दांड्याखाली पुरत नाही, आणि चार वर्षांनी ती कडक होते ते वेगळंच. एप्रिल-मेच्या उन्हात काळं किंवा गडद रबर अनवाणी पायाला चटका देतं. कृत्रिम टर्फची हीच तक्रार.

उपकरणाभोवती किती अंतरापर्यंत मऊ जमीन हवी? दीड मीटर उंचीपर्यंत सर्व बाजूंनी दीड मीटर, तीन मीटर उंचीला अडीच मीटर. ६० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या ठोकळ्यांखाली साधा मुरूम चालतो.

बाकी सगळ्या जागेला मुरूमच द्यावा: पंधरा सेंटिमीटरचा थर, पाणी मारून रोलर, आणि १००ला १ उतार, म्हणजे वीस मीटरला वीस सेंटिमीटर. उतार डोळ्याला दिसत नाही, पण सर थांबल्यावर तासाभरात खेळ सुरू होऊ शकतो. पावसाचे चार महिने मैदान बंद, हे कारण बहुतेक ठिकाणी उतार न दिल्यामुळेच असतं.

ऊन आणि झाडं

विदर्भ-मराठवाड्यात मार्चपासून दुपारी चारला लोखंडी घसरगुंडीवर बसता येत नाही. तिचं तोंड उत्तरेला ठेवावं आणि पश्चिमेला सावली धरावी. कडुनिंब, करंज, बकुळ, कांचन ही झाडं चांगली. गुलमोहर वाढतो झपाट्यानं, पण फांद्या ठिसूळ असतात आणि वादळी पावसात मोडून पडतात, म्हणून खेळायच्या जागेवर त्याची सावली नको. कुंपणाला मोगली एरंड लावायची गावाकडे सवय आहे. त्याच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात आणि खाल्ल्या की मुलांना उलट्या-जुलाब होतात. कण्हेर, पिवळी कण्हेर आणि गुंज यांनाही शाळेच्या कुंपणाबाहेर ठेवा.

एखादं झाड तरी मुलांना चढायला असू द्यावं. सूरपारंब्या खेळायला खालच्या फांद्या लागतात, आणि माळी त्याच आधी छाटतो.

रेघा मारा, आणि ‘बाद’ कमी करा

रंगानं मारलेल्या रेघा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. ठिकरीचे चौकोन, लंगडीचं आवार, नागमोडी वाट, एक ते वीस आकडे, पळायच्या चार पट्ट्या. लहानांना चौकोन ३० सेंटिमीटरचा, मोठ्यांना ४०चा. इनॅमल रंग पावसात निसरडा होतो. ओला असतानाच त्यावर बारीक वाळू भुरभुरावी. मुरमावर फक्की मारायची असेल तर कळीचा चुना अजिबात नको, डोळ्याला धोका असतो. रंगाचं अप्रूप काही महिन्यांत ओसरतं, तेव्हा दरवर्षी आकृत्या बदलाव्यात. त्या मुलांनाच ठरवू द्याव्यात.

इंग्लंडमधल्या काही प्राथमिक शाळांनी मैदानाचे रंगांनुसार तीन भाग पाडले: लाल भाग चेंडूच्या खेळांना, निळा इतर धावपळीला, पिवळा निवांत बसायला. मुद्दा असा की एकच खेळ सगळी जागा गिळत नाही.

खेळ निवडतानाही तोच हिशेब करावा. खो-खोत पाठलाग करणाऱ्या नऊ जणांपैकी आठ बसलेले आणि समोरचे तीनच मैदानात. पळणारे चार, पण ते जीव खाऊन पळतात आणि बसलेल्याला क्षणात उठावं लागतं. साखळीत मात्र सगळे एकाच वेळी पळतात. विष-अमृतात ‘विष’ झालेलं मूलही सवंगड्यानं शिवलं की लगेच सुटतं. खरी अडचण ‘बाद’ होऊन बाहेर बसवणाऱ्या खेळांत असते. सावकाश पळणारं, वजनदार मूल सर्वांत आधी बाद होतं आणि सर्वांत जास्त वेळ बसून राहतं, म्हणजे ज्याला हालचाल हवी तेच कठड्यावर. नियम थोडा वाकवायचा: बाद झालेल्यानं वेढ्याची एक फेरी मारून परत यायचं.

क्रिकेट आणि मुली

चार गुंठ्यांत क्रिकेट सुरू झालं की एक मुलगा खेळतो, एक टाकतो, आठ उभे राहतात आणि लहान मुलं घरी जातात. बंदीची पाटी लावून कोणी ऐकत नाही. आखणीतच तोड आहे: लांब सरळ पट्टा ठेवायचा नाही. टेकाड आणि ठोकळे असे मांडायचे की रिकामा भाग चौरस राहील आणि बावीस पावलांची धावपट्टी कुठंच सापडणार नाही. मोठ्यांना क्रिकेटसाठी वेळ ठरवून द्यावी किंवा बाहेर जागा शोधून द्यावी. ते चिडतील, पण एवढ्याशा जागेत इतर वीसजणांचा हक्क आधी येतो.

दहा-अकराव्या वर्षानंतर मुली मैदानातून हळूहळू दिसेनाशा होतात. व्हिएन्ना शहरात नव्वदच्या दशकाच्या शेवटी हेच लक्षात आलं, तेव्हा तिथं आइन्झीडलर पार्कसारख्या बागांची नवी आखणी झाली: एकाच मोठ्या पिंजऱ्याऐवजी लहान लहान भाग, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय, चांगले दिवे, मोकळ्या वाटा. मुली परतल्या. आपल्याकडे या यादीत आणखी तीन गोष्टी येतात: जवळ चालू स्थितीतलं स्वच्छतागृह, डिसेंबरात सहालाच अंधारतं म्हणून आठपर्यंत उजेड, आणि पोरांचे कट्टे मैदानाच्या तोंडाशी नसणं. दोन दांडे शेजारी शेजारी दिले की मैत्रिणी गप्पा मारत लटकतात. बसायची जागा आणि खेळायची जागा वेगळी काढायची गरज नसते.

मोठ्यांचे बाक थोडे लांब ठेवा, सगळं दिसेल पण ‘पडशील, उतर खाली!’ सहज ओरडता येणार नाही इतके. उंची मुलाला दिसते आणि ते आपला अंदाज बांधून चढतं. हा धोका त्याच्या हातात आहे, तो राहू द्या. सैल नट, सडलेला तळ, उघडा खिळा मुलाला दिसत नाही. तो शोधणं मोठ्यांचं काम.

त्यात सर्वांत आधी फटी तपासा. कठड्याच्या किंवा शिडीच्या दोन गजांतलं अंतर ९ ते २३ सेंटिमीटरमध्ये असेल, तर मुलाचं धड आत सरकतं आणि डोकं अडकतं. अंतर याहून लहान तरी हवं किंवा मोठं तरी. ८ ते २५ मिलिमीटरच्या भोकांत बोट अडकतं. घसरगुंडीच्या माथ्यावर ओढणी, आयकार्डची दोरी, गळ्यातला ताईत अडकेल असा बोल्ट किंवा खाच नको. शाळेत सुट्टीची घंटा झाली की आयकार्ड वर्गात काढून ठेवायची सवय लावावी.

सुट्या वस्तू

सिडनीतल्या शाळांमध्ये संशोधकांनी मैदानावर टायर, दुधाचे क्रेट अशा सुट्या वस्तू ठेवून पाहिल्या; मुलांची हालचाल वाढली. यात आश्चर्य नाही. टायर ढकलायला, क्रेट रचायला, फळी वाहायला सगळं अंग लागतं, आणि ‘नंबर’ लागत नाही. स्कूटरचे सहा-सात टायर, सहा क्रेट, दीड मीटरच्या चार फळ्या, बांबूचे तासलेले तुकडे, दोन जुन्या साड्या आणि दोर एवढ्यावर पंचवीस मुलं गुंततात. तार बाहेर आलेला टायर लगेच बाद करावा. प्रत्येक टायरच्या कडेला आणि पृष्ठावर २५ मिलिमीटरपेक्षा मोठी, बोट अडकणार नाही अशी चार-सहा भोकं पाडावीत. टायरमध्ये साचलेलं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाचं घर. वस्तू ठेवायची पेटी मात्र उघडी राहिली पाहिजे. किल्ली कार्यालयात असली की पेटी जूनपासून मार्चपर्यंत बंदच असते. ती दर आठवड्याला दोन मुलांकडे द्यावी.

मोजून पाहा

काम करण्याआधी आणि केल्यावर मोजणी करा. अमेरिकेत यासाठी सोप्ले नावाची पद्धत वापरतात आणि ती कागद-पेन्सिलीवर होते. दर पाच मिनिटांनी मैदानावर डावीकडून उजवीकडे एकदाच नजर फिरवायची आणि प्रत्येक मूल त्या क्षणी काय करतंय त्याप्रमाणे तीन रकान्यांत खूण करायची: बसलेलं किंवा उभं, चालणारं, पळणारं-चढणारं. मुलगे आणि मुली वेगवेगळे. चार संध्याकाळी हे केलं की कुठला कोपरा रिकामा आहे, कुठं रांग लागते, मुली कुठं थांबतात, हे सगळं उघड होतं. शाळेत मधल्या सुट्टीत मोजलं, तर अर्ध्या तासातली वीस मिनिटं खिचडीच्या आणि हात धुण्याच्या रांगेत जातात असंही निघू शकतं. मग पहिला खर्च नव्या खेळण्यावर न करता आणखी सहा नळांवर करावा.

पैसे टप्प्याटप्प्यानं येत असतील, तर पहिल्या वर्षी उतार, मुरूम, वेढा, रेघा आणि झाडं. खेळणी काहीच नकोत, फक्त सुट्या वस्तूंची पेटी. दुसऱ्या वर्षी ठोकळे आणि टेकाड. तिसऱ्या वर्षी वाळूचा हौद आणि दांडे, टेकाडावरची घसरगुंडी. देणगीदार मात्र पहिल्याच दिवशी नावाची पाटी लावता येईल असा मनोरा मागतो. त्याला सावलीचा मांडव सुचवावा. पाटी त्यावरही लागते, आणि एप्रिलच्या चार वाजता मुलं त्याच्याच खाली येतात.